चांगुलपणाची इंग्रजी

नेस्टाने चहाची किटली टेबलावर ठेवली ती जरा आपटलीच. झाकण उडालं, दुधाचा जग हिंदकळला, पण गेराइंट वॉन थांबायचं नाव घेईनात.

"आणि म्हणून मी नेहमी म्हणतो," ते वेल्शमध्ये सांगत होते, "आपली वडीलधारी माणसं म्हणजे आपले डोंगर. ती बोलत नाहीत. पण ती असतात."

"बोलायला फट मिळाली तर बोलतील ना," एमरिस बशीत बघत पुटपुटला.

वॉनसाहेबांपर्यंत ते पोचलं नाही. त्यांचं वेल्श मात्र काय वर्णावं! तीस वर्षं त्यांनी रेडिओवर रविवार सकाळचा कार्यक्रम केला होता, आणि वेल्समधल्या या पोर्थगॅरेग गावातल्या निम्म्या बायकांनी त्या आवाजाच्या सोबतीने बटाटे सोलले होते. कुठे शब्द अडत नव्हता, चुकूनसुद्धा एखादा इंग्रजी शब्द मध्ये डोकावत नव्हता. पस्तीस मिनिटांत त्यांनी समोरच्या तिघांना एकच प्रश्न विचारला. साखर कुठे आहे, हा.

शेवटी ते उठले, तिघांचे हात हातात घेऊन दाबले आणि चॅपेलमागच्या त्या हॉलमधून बाहेर पडले. दार लागल्यावर एमरिसने सुस्कारा सोडला.

"अगं, मला मध्ये डुलकी लागली होती. उठलो तर तेच वाक्य चालू."

"गप रे. त्यांची आई आमच्या चॅपेलची होती," नेस्टा म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना. मग लगेच वळून तिने इंग्रजीत विचारलं, "हॅरल्ड, तुम्हाला नीट ऐकू आलं ना भाषांतर?"

हॅरल्डने कानावरचं यंत्र काढून गळ्यात अडकवलं. "आलं, आलं. आवाज फार छान आहे गृहस्थांचा," तो अदबीने म्हणाला.

परगण्याला ज्येष्ठांचा कैवारी नेमायचा होता. साठीपुढच्या माणसांच्या वतीने कचेऱ्यांची, दवाखान्यांची, वृद्धाश्रमांची झोप उडवायची, हे त्याचं काम. खरी निवड समिती उद्या सकाळी कचेरीत बसणार होती. पण त्याआधी प्रत्येक उमेदवाराने तीन म्हाताऱ्या माणसांबरोबर अर्धा तास चहा प्यायचा आणि त्या तिघांचं मत एका फॉर्मवर लिहून समितीकडे जायचं, असं ठरलं होतं. त्या तिघांची प्रमुख होती नेस्टा. चाळीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसल्यामुळे गाव तिला नेस्टा पोस्टच म्हणायचं. दुसरा एमरिस, वय चौऱ्याऐंशी, हेंद्रे नावाच्या मेंढवाड्याचा मालक, म्हणून एमरिस हेंद्रे. आणि तिसरा हॅरल्ड. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला कुलपं दुरुस्त करायचा, निवृत्त झाल्यावर इकडे आला, नेस्टाच्या शेजारचं घर घेतलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याच्यासाठी कोपऱ्यात भाषांतर करणारी कॅट्रिन बसलेली होती, तोंडाजवळ माइक धरून.

जाहिरातीत एक अट होती. वेल्श येणं आवश्यक. या एका शब्दापायी आठ महिने रणकंदन झालं होतं. कचेरीने आधी "वेल्श येत असल्यास उत्तम" असं लिहिलं होतं, कारण अर्ज कमी येतील ही त्यांना धास्ती. नेस्टा आणि एमरिसने एकामागून एक तीन पत्रं धाडली. "आचाऱ्याला चव कळत असल्यास उत्तम, असं लिहिता का कधी?" हे वाक्य एमरिसचं. ते त्याने अजून लोकांना ऐकवायचं सोडलेलं नाही. ही तिन्ही पत्रं इंग्रजीत होती. हॅरल्डचीही सही हवी होती, आणि ज्या कागदावर माणसाने सही करायची तो त्याला वाचता येऊ नये, हे कसं बरं दिसेल? यात काही गंमत आहे, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

नेस्टा पेटून उठली होती ती ओल्वेनसाठी. ओल्वेन तिची थोरली बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं राज्य केलं होतं, मुख्याध्यापकसुद्धा तिला विचारून खीर मागायचे. दोन वर्षांपूर्वी मेंदूला झटका आला, हातपाय बचावले, पण इंग्रजी गेली ती गेली. पुसून टाकावी तशी. उरली ती लहानपणची वेल्श, आणि ती तर पूर्वीपेक्षा तिखट झाली होती. ज्या आश्रमात ओल्वेन होती तिथली माणसं वाईट नव्हती, दुरून दुरून कामाला आलेली होती, राबायची. पण वेल्श एकालाही येत नव्हती. ओल्वेन सांगायची, मला उजेड असताना अंथरुणात घालू नका, पडदे ओढू नका, चहा पाण्यासारखा देऊ नका. ते मान डोलवायचे आणि वहीत लिहायचे, "आजी आज गोंधळलेल्या होत्या." अख्ख्या आठवड्यात ओल्वेनला समजून घेणारं एकच माणूस यायचं, गुरुवारी संध्याकाळी, आणि ते म्हणजे नेस्टा. कैवारी असा हवा की ज्याच्यासमोर ओल्वेन स्वतःच्या तोंडाने तक्रार करेल. नेस्टाला बाकी काही नको होतं.

"दुसरी उमेदवार आली आहे," कॅट्रिनने दारातून बाहेर डोकावून सांगितलं.

लॉरेन ओकली आत आली ती ओल्या छत्रीशी झगडत. वय पंचेचाळीसच्या आसपास, इंग्लंडमधल्या स्टोककडची, गोल चेहरा, केसांचा पार विस्कोट. तिने वेल्शमध्ये नमस्कार केला, नाव सांगितलं, कुठे कुठे काम केलं ते सांगायला लागली. उच्चार इंग्रजी वळणाचे होते, पण गाडी बरी चालली होती. मग एका शब्दापाशी ती अडली. तोंड उघडं राहिलं, नजर छताला लागली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

समोरचा माणूस अवघडला की आपण लगेच इंग्रजीवर यायचं, हे नेस्टाला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. पोर्थगॅरेगमध्ये दहा जण वेल्शमध्ये भांडत असले आणि अकरावा परका आत आला, तर भांडणसुद्धा त्याच्या सोयीने इंग्रजीत पुढे चालू राहतं.

"अहो, इंग्रजीत बोला ना मोकळेपणाने," नेस्टा इंग्रजीत म्हणाली आणि तिच्या हातावर थोपटलं. "आम्हाला सगळं समजतं."

"आणि हा बारा ब्रिथ पाव घ्या आधी," एमरिसनेही इंग्रजीत साथ दिली आणि मनुकांच्या पावाचा जाड काप तिच्या पुढ्यात सरकवला. "नेस्टाने रात्रभर मनुका चहात भिजवल्यात. नाही म्हणालात तर ती तुम्हाला नापास करेल."

लॉरेन हसली. मग पुन्हा वेल्शमध्ये शिरली, "धन्यवाद, मला हा फार—"

"आवडतो? मग दोन घ्या," एमरिस इंग्रजीत.

त्यानंतर गप्पा अशा रंगल्या की विचारू नका. लॉरेन प्रश्न विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. तुम्हाला दवाखान्यात कोण नेतं? बस चुकली तर? झोपायची वेळ तुमची तुम्ही ठरवता का? एमरिसने तिला आपल्या गुडघ्याची कहाणी पहिल्यापासून सांगितली, आणि ती तिने शेवटपर्यंत ऐकली. हे आजवर त्याच्या बायकोलाही जमलं नव्हतं. नेस्टाने ओल्वेनचं सांगितलं. लॉरेनने काप खाली ठेवला आणि विचारलं, "पडदे किती वाजता ओढतात?"

"साडेसहाला."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

"उन्हाळ्यातसुद्धा. बाहेर लख्ख ऊन."

लॉरेनने पुन्हा एकदा वेल्शमध्ये काहीतरी सुरू केलं. हळू, शब्द मोजत. नेस्टाने तिला पूर्ण होऊच दिलं नाही, प्रेमाने इंग्रजीत उत्तर देऊन टाकलं. लॉरेनने कप बाजूला सारला. मग घड्याळाकडे न बघताच उठली, "तुमचा फार वेळ घेत नाही," असं इंग्रजीतच म्हणाली, छत्री घेतली आणि गेली. जाताना हसली, पण ते हसू थोडं उतरलेलं होतं.

"हीच!" दार लागताच एमरिसने टेबलावर थाप मारली. "हिला घ्या. तो डोंगरवाला बसू दे डोंगरावर."

"मलाही हीच वाटते," हॅरल्ड म्हणाला.

नेस्टाच्या मनावरचं ओझंच उतरलं. ओल्वेनच्या खोलीत, पलंगाशेजारच्या त्या हिरव्या खुर्चीवर ही बाई बसलेली तिला दिसूसुद्धा लागली. तिने चष्मा लावला आणि फॉर्म पुढे ओढला. माणूस ऐकून घेतो का? हो. आदराने वागतो का? हो. तिने भराभरा खुणा केल्या. मग चौथा प्रश्न आला आणि पेन थबकलं.

"काय गं?"

"उमेदवाराशी संभाषण वेल्शमध्ये झालं का?" तिने वाचून दाखवलं. "हो किंवा नाही."

"झालं की. म्हणजे..." एमरिसने डोकं खाजवलं. "सुरुवात झाली."

तिघांनी कोपऱ्यात पाहिलं. भाषांतर करणाऱ्या कॅट्रिनच्या मांडीवर लोकरीचं विणकाम होतं, पिवळं, आणि ते चांगलं वीतभर लांब झालेलं होतं.

"वॉनसाहेबांच्या वेळी पाणी प्यायलाही उसंत नव्हती मला," ती ओशाळून म्हणाली. "पण या बाईंच्या वेळी मला कामच नव्हतं हो. भाषांतर कशाचं करू? तुम्ही सगळे इंग्रजीतच बोलत होतात. नुसती कशी बसणार? बहिणीला बाळ व्हायचंय..."

"लिही 'हो' म्हणून," एमरिसने आवाज खाली आणला. "कोण बघायला येतंय?"

"मी खोटं लिहू? मी?" चाळीस वर्षांत नेस्टाने एका पत्रावर चुकीच्या तारखेचा शिक्का उठवला नव्हता. "आणि समजा लिहिलं. उद्या समितीसमोर ती अडली, तर ते म्हणतील, म्हाताऱ्यांनी डोळे मिटून शिफारस केली. आणि 'नाही' लिहिलं तर तिचा कागद आजच बाजूला पडेल. आपणच तर ओरडलो होतो ना, आवश्यक म्हणजे आवश्यक!"

"मग?"

"मग काय. वॉन."

नेस्टाने चष्मा काढला. आता त्या हिरव्या खुर्चीवर वॉनसाहेब येऊन बसले. ओल्वेनला ते सुंदर वेल्शमध्ये पाऊण तास सांगतील की ती डोंगर आहे, आणि ओल्वेन पडद्याबद्दल तोंड उघडायच्या आत त्यांची निघायची वेळ झालेली असेल. नेस्टाला रडूच यायला लागलं. आठ महिने, तीन पत्रं, आणि अखेर हे!

"बाईला येत नाही, हे कशावरून ठरवलंत?"

प्रश्न वेल्शमध्ये आला होता. नेस्टाला आधी वाटलं कॅट्रिन बोलली. पण कॅट्रिनची नजर तिसरीकडेच लागली होती.

"ती तीन वेळा वेल्शमध्ये बोलायला गेली," हॅरल्ड म्हणाला. यंत्र त्याच्या गळ्यात नुसतं लटकत होतं. तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द कुलपाच्या भागासारखा जागच्या जागी बसवत. "मी मोजलं. तिन्ही वेळा तुम्ही तिला थांबवलं. तिची परीक्षा झालीच नाही. तुम्ही ती घेतलीच नाहीत."

एमरिसच्या हातातला काप चहात पडला.

"हॅरल्ड," नेस्टा इंग्रजीत म्हणाली, कारण दुसरं काही तोंडातून येईना, "तुम्हाला वेल्श येते?"

"बघा. आताही," तो वेल्शमध्येच म्हणाला, आणि हसला. "नऊ वर्षं झाली. दर मंगळवारी बँगोरला शिकायला जायचो. तुम्ही समजत होतात मी पत्ते खेळायला जातो. पहिल्या वर्षी एक वाक्य चार दिवस घोकलं होतं मी. 'तुमच्या बागेतले डेलिया यंदा फार सुंदर फुललेत.' कुंपणावरून म्हणालो. आठवतं?"

नेस्टाला आठवत नव्हतं.

"तुम्ही इतक्या गोड हसून इंग्रजीत उत्तर दिलंत, की मला वाटलं, माझी वेल्श ऐकवत नसणार यांना. मग पाववाल्याकडे बोललो. तोही इंग्रजीत. चॅपेलच्या पायरीवर, तिथेही इंग्रजी. सगळे चांगले वागले. फारच चांगले वागले. मग मी म्हटलं, कशाला लोकांना त्रास? आणि एकदा मान डोलवून हे यंत्र घातलं की पुन्हा तोंड उघडायची लाज वाटते. नऊ वर्षांनी कसं सांगायचं?"

"थांब, थांब," एमरिसचा चेहरा पडला होता. "म्हणजे गेल्या नाताळात मी तुझ्या त्या चौकड्याच्या टोपीबद्दल जे बोललो..."

"मेलेली मांजर डोक्यावर घेतल्यासारखी दिसते. हो. माझ्या बायकोने दिली होती ती."

"अरे देवा!"

"तिलाही तसंच वाटायचं," हॅरल्ड म्हणाला, आणि मग चौघंही असे हसत सुटले की कॅट्रिनचे टाके सुटले.

हसू ओसरलं. नेस्टाचे कान तापले होते. कोणाचं मन दुखवू नये म्हणून ती जन्मभर धडपडली होती. त्यातच शेजारच्या माणसाचं तोंड नऊ वर्षं बंद ठेवलं, आणि आज एका बाईची नोकरी घालवायला निघाली होती. आणि वर त्या बाईला खायला घालून!

"वॉनसाहेबांनी पस्तीस मिनिटं घेतली," कॅट्रिन आपली वही बघत म्हणाली. ती कचेरीची होती, तिला नियम ठाऊक होते. "या बाई विसाव्या मिनिटाला उठल्या. म्हणजे नियमाने त्यांची दहा मिनिटं शिल्लक आहेत."

"बस किती वाजता आहे?"

"तीन पन्नासला. आता पंचेचाळीस झालेत."

नेस्टा एप्रन न काढताच निघाली. एकोणऐंशी वर्षांची बाई भर रिमझिमीत चढावरून पळत चालली आहे, हे पाहून पाववाला दारात आला आणि काय झालं म्हणून ओरडला. "माझा मूर्खपणा!" तिने धावता धावताच सांगितलं. लॉरेन थांब्यावर एकटीच उभी होती, छत्री मिटलेली, भिजत.

"बाई," नेस्टा धापा टाकत म्हणाली, वेल्शमध्ये. "तुमची दहा मिनिटं आमच्याकडे राहिली आहेत. चला."

लॉरेनने तिच्याकडे पाहिलं, मग वळणावर दिसू लागलेल्या बसकडे. पुढची बस दोन तासांनी होती. तिने ती जाऊ दिली.

या वेळी नियम ठरला. मदत करायची नाही, कोणीही नाही, काही झालं तरी. हॅरल्डने यंत्र काढून कॅट्रिनला परत दिलं. एमरिसने खबरदारी म्हणून तोंडात मोठा तुकडा कोंबला. नेस्टा आपल्या दोन्ही हातांवर बसली.

"कैवारी झालात तर पहिलं काम काय कराल?" तिने वेल्शमध्ये विचारलं.

लॉरेन बोलायला लागली. तिसऱ्या वाक्यात अडली. पुन्हा ते छताकडे बघणं, पुन्हा कानांचं लाल होणं. खोलीत फक्त घड्याळ वाजत होतं. नेस्टाच्या जिभेच्या टोकावर तो शब्द नुसता नाचत होता, इंग्रजीतलाही आणि वेल्शमधलाही. तिने दात आवळले. एमरिस डोळे मिटून चावत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग लॉरेनने तो शब्द सोडून दिला, त्याला वळसा घातला, दोन साध्या शब्दांनी काम भागवलं आणि पलीकडे निघाली. पुढे आणखी दोनदा अडली, दोन्ही वेळा आपली आपण सुटली. व्याकरणात चुका होत्या, पण काय म्हणायचंय ते लख्ख होतं. ती आधी सगळ्या आश्रमांत संध्याकाळी साडेसहाला जाणार होती, न सांगता, पडदे बघायला.

"वेल्श कुठे शिकलात?" नेस्टाने विचारलं.

"वर्गात थोडी. पण बोलायला..." लॉरेन थांबली. या वेळी ती शब्द शोधत नव्हती. "मी एका आश्रमात सेविका होते, तिकडे दक्षिणेला. सगळे माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. चांगली माणसं होती, मला अवघड जाऊ नये म्हणून. एक आजी होती, तिची इंग्रजी गेलेली. तिच्याकडे दुसरी भाषाच नव्हती, म्हणून तिला माझ्यावर दया करता येईना. चुकले की चमचा आपटायची. 'पुन्हा म्हण!' दोन वर्षं रोज पुन्हा म्हणायला लावलं तिने. लोक म्हणायचे ती गोंधळलेली आहे. मला जी काही येते ती तिच्यामुळे."

नेस्टाने पुन्हा चष्मा लावला. तिने फॉर्म ओढला आणि चौथ्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं. मग खाली, मत लिहायच्या जागेत, "अडते, पण थांबत नाही," असं वेल्शमध्ये लिहिलं आणि तिघांनी सह्या केल्या. उद्या समितीला काय वाटेल ते वाटो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

संध्याकाळी नेहमीसारखं हॅरल्डने नेस्टाला गाडीतून आश्रमात नेलं. गुरुवार होता. रस्त्यात नेस्टाने दोनदा वाक्य जुळवलं आणि सोडून दिलं. अकरा वर्षं इंग्रजीत बोललेल्या माणसाशी एकदम वेल्शमध्ये काय बोलायचं? साधं "खिडकी लाव" म्हणायचं तरी त्याला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', हेच नेस्टाला ठरवता येईना. इंग्रजीत हा प्रश्नच कधी आला नव्हता.

"डेलियाचं मला खरंच आठवत नाही," ती शेवटी म्हणाली.

"छान फुलले होते," हॅरल्ड म्हणाला.

आश्रमाच्या दाराशी त्याने गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि मागच्या सीटवरून वर्तमानपत्र काढलं. दर गुरुवारी तो असाच तासभर गाडीत बसायचा. बहिणी बहिणींनी आपल्या भाषेत बोलायचं, तिथे आपण कशाला, असं तो म्हणायचा, आणि नेस्टालाही ते समंजसपणाचं वाटायचं. ती उतरली, पाच-सहा पावलं गेली आणि जागीच उभी राहिली. दोन वर्षं. शंभरावर गुरुवार. इकडे ती कचेरीशी भांडत होती की माझ्या बहिणीशी बोलायला एक तरी माणूस द्या, आणि तो माणूस इथे, वीस पावलांवर, थंडीत कोट गुंडाळून शब्दकोडं सोडवत बसला होता. तिनेच त्याला बसवलं होतं.

ती परत आली आणि काचेवर टकटक केली.

"चल, उतर," ती म्हणाली. "आत चल."

ओल्वेन खिडकीपाशी बसली होती, शाल घट्ट गुंडाळून, तोंड फुगवून. तिने हॅरल्डला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"हा कोण?"

"हॅरल्ड. आमच्या शेजारचा. तुला सांगितलं नव्हतं का, मला गाडीने आणतो तो?"

"नमस्कार," हॅरल्ड वेल्शमध्ये म्हणाला. मग अडला. नेस्टाने ओठ घट्ट मिटून घेतले. "तुम्हाला... भेटून... फार बरं वाटलं."

ओल्वेनच्या भुवया वर गेल्या. "याला बोलता येतं?"

"येतं."

"मग दोन वर्षं याला बाहेर कशाला ठेवलंस? गाडी राखायला?"

ओल्वेनने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने काठीने हिरवी खुर्ची जवळ ओढली, हॅरल्डला बस म्हणून खूण केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चहापासून. मग सूप. मग तो मंगळवारचा मासा. हॅरल्डला दोन शब्द कळले नाहीत, त्याने विचारलं. ओल्वेनने खुर्चीच्या दांडीवर काठी आपटली आणि पुन्हा सांगितलं, मोठ्याने. ती सांगत होती, हा मान डोलवत होता, चुकत होता, ती दुरुस्त करत होती. नेस्टाला त्या सगळ्या तक्रारी तोंडपाठ होत्या. ती मागे पलंगाच्या कडेवर बसून राहिली. तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

साडेसहाला सेविका आली आणि पडद्याकडे हात नेला. "आजींना ते उघडे हवे आहेत," हॅरल्डने तिला इंग्रजीत सांगितलं. "का, ते त्या मला सांगतायत. संपलं की तुम्हाला सांगतो."

सेविकेने हात मागे घेतला. ओल्वेनने तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग खोलीत नेस्टा आहे हे तिला एकदम आठवलं.

"अगं, तुला पुढच्या गुरुवारी काम असलं तर येऊ नकोस बरं का," ती म्हणाली. "हा एकटा आला तरी चालेल."